धरून ठेवलेली शीट

नंदुरबार,
११ ऑगस्ट २०२५

प्रिय रिबेकाताई,

सलाम.

पाकीट उलटून तू आधी नाव बघशील आणि माझं नाव दिसलं की ओठ घट्ट मिटशील, हे मला इथे बसून दिसतंय. फाडायचंच असेल तर वाचून मग फाड. फोनवर तू मला ब्लॉक केलंस, ते ठीक. पोस्टमनला ब्लॉक करायची सोय अजून निघालेली नाही. तुझा पत्ता चर्चच्या पाळकबाईंनी दिला. त्यांच्यावर रागावू नकोस, मी सलग दोन रविवार उपासना सुटल्यावर त्यांच्या पदराला धरून उभी होते.

आपल्या बोलीत लिहायला बसले होते, पण दुसऱ्याच ओळीला अडले. बोलायला सगळं येतं, लिहायला कुणी शिकवलंच नाही. म्हणून शाळेच्या मराठीत लिहिते. बाबाचं बोलणंही मराठीतच लिहीन, तू ते त्याच्या आवाजात वाच.

तर बातमी ही की तुझी प्रिसू आता नंदुरबारच्या कॉलेजात आहे. बी.एस्सी. कॉम्प्युटर, पहिलं वर्ष. हसू नकोस. मुलींच्या वसतिगृहात राहते, शनिवारी पॅसेंजरने खांडबाऱ्याला उतरते आणि बाबाच्या जीपने घरी जाते. वेणी माझी मीच घालते. वाकडीच येते.

प्रोग्रामिंगला बोकील सर आहेत. नाशिकचे, तासिका तत्त्वावर, म्हणजे पुढच्या वर्षी असतील की नाही त्यांनाही माहीत नाही. पहिल्या दिवशी सगळ्यांनी वह्या काढल्या, समास आखले, व्याख्या लिहायची वाट बघत बसले. सर म्हणाले, "व्याख्या नंतर. आधी एक नाणं हजार वेळा उडवा." पाच ओळी फळ्यावर लिहिल्या, आम्ही त्या जशाच्या तशा टाइप केल्या आणि बटण दाबलं. ताई, बोटसुद्धा दुखलं नाही आणि हजार वेळा नाणं उडून झालं. छापा पाचशे सात. परत दाबलं तर चारशे एकोणनव्वद. माझ्या शेजारी इरम बसते, इथलीच आहे, तिच्या अब्बांची पिठाची गिरणी आहे. ती म्हणाली, "मन्हं मशीन खराब शे का? दर टाइमले येगळं येई ऱ्हायनं." सर हसले. म्हणाले, दर वेळी एक नवी सकाळ उजाडते असं समजा. रीत तीच, सकाळ नवी. याला सिम्युलेशन म्हणायचं. खऱ्या जगात जे एकदाच घडतं, ते इथे हजार वेळा घडवून बघता येतं.

ते वाक्य मी वहीत लिहिलं. त्यानंतर तासाला लक्ष लागलं नाही.

बाबा बरा आहे. जीप तीच. तू गेल्यापासून त्याने एक बदल केलाय, तो पुढच्या पत्रात सांगते, म्हणजे तुला ते उघडावं लागेल. तीन वर्षं झाली गं. तुझी खूप आठवण येते, आणि हे फिरवून फिरवून कसं लिहायचं ते मला जमत नाही.

तुझी,
प्रिसू


नंदुरबार,
३० ऑगस्ट २०२५

प्रिय ताई,

सलाम.

उत्तर आलं नाही. येईल असं मी धरलंही नव्हतं, तरी रोज वसतिगृहाच्या खिडकीशी टपाल विचारते. वॉर्डनबाई आता मला बघितलं की आधीच मान हलवतात.

बाबाने केलेला बदल. आपल्या फाट्यावर रुमाल पडला की शीट त्याची, हे तुला मी काय सांगायचं. रुमाल, टोपी, टोपली, शिटेवर काहीही टाकून माणूस गेला की तो येईपर्यंत किंवा 'येत नाही' असा निरोप येईपर्यंत गाडी हलत नाही. बाबाने हा नियम बावीस वर्षं पाळला. आता पाळत नाही. रुमाल उचलतो, चिंचेखालच्या दगडावर ठेवतो आणि गाडी काढतो. पहिल्या वर्षी लोकांनी भांडणं केली. फुलीबाई कोंबड्यांची टोपली ठेवून चुना आणायला गेली, तर बाबाने टोपली कोंबड्यांसकट खाली उतरवली. आता बरेच जण दुसऱ्या जीपने जातात.

आता कामाचं. नाण्यानंतर सरांनी पडद्यावर एक ठिपका दिला. तो एक पाऊल डावीकडे टाकणार की उजवीकडे, ते नाणं ठरवतं. शंभर पावलांनंतर तो कुठे असेल? मला वाटलं, होता तिथेच. पण बहुतेक वेळा तो लांब कुठेतरी गेलेला असतो. मग रांगा आल्या. आणि आता प्रत्येकाने आपल्या गावातली 'थांबावं लागतं अशी' एक गोष्ट निवडून तिचा प्रोग्राम करायचाय. इरमने गिरणी घेतली. मी जीप घेतली.

मी लिहिलं: दर मिनिटाला सवारी येईल किंवा येणार नाही. दहा शिटा. (दहात आपण बारा बसवतो, पण सर म्हणाले दहाच धर.) नऊ शिटांवर लोक, एक शीट धरलेली. दहाही माणसं बसेपर्यंत थांब, मग सोड. बटण दाबलं आणि काहीच झालं नाही. पाच मिनिटं झाली, पंखा घरघरायला लागला, पण जीप काही फाट्यावरून हलेना.

सर आले, वाकून वाचलं. म्हणाले, "शीट धरलीस, पण ज्याच्यासाठी धरलीस त्याला यायला कुठे लावलंयस? तो येतच नाही यात. बाकीच्यांच्या येण्याची ओळ आहे, त्याच्या येण्याची नाही."

मी म्हटलं, विसरले.

"आणि ड्रायव्हर काय आयुष्यभर थांबेल? कंटाळून निघेलच की."

मी म्हटलं, नाही निघणार सर, शीट धरलेली आहे. सर म्हणाले, असं कोण करतं? तर मागून शहाद्याचा भिकन उठला, "सर, रुमाल पडना म्हंजे शीट गई. ड्रायव्हरना बाप ऊना तरी बठाव नही." धडगावची पोरंही हो हो म्हणून ओरडली. अख्खा वर्ग एका बाजूला आणि नाशिकचे सर एकटे दुसऱ्या बाजूला. सर म्हणाले, बरं बाबांनो, पण कॉम्प्युटरला ही भीड कळत नाही. थांबण्याला मर्यादा घाल. किती मिनिटं थांबतो, तो आकडा आण.

आकडा तुझ्याकडे आहे, ताई. म्हणून हे पत्र.

सर सांगतात की आधी घडलेलं क्रमाने लिहून काढावं, म्हणून लिहिते, तुला आठवण करून द्यायला नव्हे. तीन वर्षांपूर्वीची सकाळ. नर्सिंगची प्रवेश परीक्षा, केंद्र नंदुरबारला, गेट नऊला बंद. खांडबाऱ्याहून तुझी पॅसेंजर आठ पाचची. तू बाबाच्या शेजारी पुढे बसलीस, मांडीवर पारदर्शक पाऊच, हातात आईचं घड्याळ. नऊ लोक बसले. मागच्या शिटेवर कुणीतरी रुमाल टाकलेला. बाबा थांबला. मग कधीतरी निघाला. स्टेशनवर पोचलात तेव्हा गाडी नुकतीच गेली होती, आणि नेहमी रखडणारी पॅसेंजर नेमकी त्या दिवशी वेळेवर होती. बाबाने जीप तशीच नंदुरबारकडे वळवली. आणि मागचे लोक उतरलेच नाहीत. फुलीबाई म्हणाली, पोरीची परीक्षा आहे, चल. बाजाराला निघालेली माणसं कोंबड्यांसकट नंदुरबारला आली, गेटवरच्या शिपायाशी भांडली, पण गेट उघडलं नाही. मी नव्हते तिथे. हे सगळं फुलीबाईने सांगितलेलं.

तू सारखी घड्याळ बघत होतीस, असं ती म्हणाली. म्हणून विचारते. गाडी भरली किती वाजता आणि निघाली किती वाजता? एवढंच एका कार्डावर लिही. बाकी एक अक्षर लिहू नकोस.

तुझी,
प्रिसू


नंदुरबार,
१७ सप्टेंबर २०२५

प्रिय ताई,

कार्ड मिळालं!

"७.२८ ते ७.४७. एकोणीस मिनिटं. अभ्यास कर." एवढंच, आणि खाली सहीसुद्धा नाही. तरी मी ते इतक्यांदा वाचलं की इरमने हातातून ओढून घेतलं आणि म्हणाली, "सात शब्द शेत, तू तर कादंबरी वाची ऱ्हायनी." 'अभ्यास कर' या दोन शब्दांवर मी आणखी महिनाभर काढीन.

आकडा घातला आणि जीप हलली. मग एका सकाळीऐवजी हजार सकाळी चालवल्या. दर सकाळी सवाऱ्या वेगळ्या मिनिटाला येतात, पॅसेंजर कधी वेळेवर, कधी वीस मिनिटं उशिरा. मोजायचं एवढंच, की तुला गाडी मिळाली का.

आधी नेहमीचा बाबा घेतला. भरेपर्यंत थांबतो, भरली की सोडतो. हजारातल्या नऊशे एकेचाळीस सकाळी तुला गाडी मिळाली. मग धरलेली शीट घातली, एकोणीस मिनिटांची. तीनशे बारा.

तू बाबाला त्या दिवशी अंगणात जे बोललीस ते मला अजून ऐकू येतं. "तुला दहावी शीट पोटच्या पोरीपेक्षा मोठी." पण बघ, बाबाच्या सवयीने तुझी गाडी चुकली नसती. सात अठ्ठावीसला निघाला असता तर सात त्रेपन्नला तू स्टेशनवर असतीस, चहा पिऊन. बाबाकडे तू ज्याचा राग धरलायस, ते त्याचं नव्हतंच. हे मी म्हणत नाही, हजार सकाळी म्हणतायत.

सर खूश झाले. म्हणाले, सगळा घोळ त्या एका शिटेचा आहे. मग विचारलं, "कुणाची होती गं ती शीट?"

त्यांना काय करायचंय इतकं. बेल झाली, जाते. पुढचं नंतर लिहीन.

प्रिसू


घरून,
६ ऑक्टोबर २०२५

ताई,

या पत्राला सलाम वगैरे काही घालत नाही. आधी लिहून टाकते, नाहीतर पुन्हा बेल होईल.

शीट माझी होती.

सर विचारत होते तेव्हा मी म्हटलं, माहीत नाही. तुलाही मागे लिहिलं, 'कुणीतरी रुमाल टाकलेला.' रुमाल नव्हता. माझी पिवळी ओढणी होती, नाताळात घेतलेली.

त्या सकाळी तू न्हायला गेलीस तेव्हा मी बाबाच्या मागे लागले, की मलाही नंदुरबारला यायचंय, पण ताईला सांगू नको, ती उतरली की मागून जाऊन डोळे झाकीन. बाबा हसला. म्हणाला, ये, मागे बस गुपचूप. मी पुढे पळत जाऊन ओढणी शिटेवर टाकली आणि म्हटलं, आलेच, चप्पल सापडत नाहीये. घरी येऊन तुला दारातून निरोप दिला. तू माझ्या डोक्यावर हात ठेवलास आणि म्हणालीस, "भात झाकून ठेवलाय."

मग मी घराच्या मागे महूच्या झाडाखाली जाऊन बसले. चप्पल हरवली नव्हती. एक पायात होती, दुसरी माझ्या हातात होती.

खरं सांगते, ओढणी टाकली तेव्हा मनात काही नव्हतं. मला खरंच यायचं होतं. 'भात झाकून ठेवलाय' म्हणालीस तेव्हा काहीतरी झालं. आई गेल्यावर वर्षभर आपण दोघी एका गोधडीत झोपलो. तू पास झालीस की हॉस्टेलला जाणार, तीन वर्षं. मग भात कोण झाकून ठेवणार, याच विचाराशी मी अडकले. बाबाने हॉर्न दिला. मी बसून राहिले. मला पक्कं माहीत होतं, माझी ओढणी आहे तोवर बाबा हलणार नाही. दुसरा हॉर्न, तिसरा. मी हातातल्या चपलेची पट्टी लावत होते आणि काढत होते. मला एवढंच वाटत होतं, की आजची गाडी चुकू दे, ताई दुपारी चिडून परत येईल, संध्याकाळी शांत होईल, परीक्षा काय पुढच्या वर्षीही असते. चौथ्या हॉर्ननंतर इंजिनाचा आवाज नाल्याकडे उतरत गेला.

दुपारी तू आलीस. अंगणात बाबाला विचारलंस, "कोण होता तो? कुणासाठी थांबलास?" मी दारात उभी होते. बाबाने एकदाच माझ्याकडे बघितलं. मग खाली बघून म्हणाला, "होती एक सवारी."

मी तेव्हा बोलायला हवं होतं. दोन दिवसांनी तू पिशवी भरून बारडोलीला गेलीस. तोंड उघडायला मला दोन दिवस होते, ताई, आणि मी दोन्ही दिवस गप्प राहिले. तू जाऊ नयेस म्हणून केलं आणि तू कायमची गेलीस. हॉस्पिटलात तू दुसऱ्यांच्या खाटांखालची भांडी उचलतेस, असं पाळकबाई म्हणाल्या. तू आत्तापर्यंत नर्स झाली असतीस.

प्रोग्राम अडकला तेव्हा सर म्हणाले होते, 'तो येतच नाही यात.' मी विसरले नव्हते ती ओळ. ज्याच्यासाठी शीट धरली तो येणार नाही, हे मला एकटीला माहीत होतं, म्हणून हाताने लिहिलीच नाही.

ओढणी मला परत मिळाली नाही. जीप सगळी झाडून बघितली. वाऱ्याने उडाली असेल.

रविवारी बाबाला सांगितलं की मी तुला हे लिहिणार आहे. तो चाकाचे नट आवळत होता. बराच वेळ आवळत राहिला. मग म्हणाला, "चप्पल सापडली का?" मी रडायलाच लागले. म्हटलं, तुला माहीत होतं तर तिला सांगितलं का नाहीस? बाबा म्हणाला, "सांगितलं असतं तर दोन पोरी गेल्या असत्या. तशी एकच गेली."

आता राग धरायचा तर माझा धर. पण बाबाला फोन कर. त्याचा नंबर तोच आहे.

प्रिस्किला


नंदुरबार,
१६ नोव्हेंबर २०२५

प्रिय ताई,

सलाम.

तुझं कार्ड नाही. बाबालाही फोन नाही. बरोबर आहे, मी तुझ्या जागी असते तर हेच केलं असतं.

प्रोजेक्ट झालं. सगळ्यांसमोर पडद्यावर चालवायचं होतं. मी दहाव्या शिटेसाठी येणाऱ्या माणसाची ओळ लिहिली. तो येतो, पहिल्या हॉर्नला येतो. जीप सात एकोणतीसला सुटली. हजारातल्या नऊशे अडतीस सकाळी तू परीक्षेला बसलीस. पोरांनी टाळ्या वाजवल्या. सर म्हणाले, छान जमलंय, गुणही चांगले दिले. मला काही वाटलं नाही. हजार सकाळी घडवता येतात, पण त्यातल्या एकाही सकाळी तू घरी येत नाहीस. ते मी प्रोग्राममध्ये घातलंच नव्हतं, आणि घालणार तरी कुठून.

परत वसतिगृहात आले, भात खाल्ला. इथे भात कुणी झाकून ठेवत नाही, उशीर झाला की गार मिळतो. तुझी आठवण आली की मी तुझं कार्ड काढते. कोपरे मऊ पडलेत.

तुझी,
प्रिसू


खांडबारा स्टेशनबाहेर, जीपमध्ये,
सोमवार, २२ डिसेंबर २०२५

ताई,

हे पत्र पोस्टात टाकायचं नाही, तुझ्या हातात द्यायचंय. पण हातात काहीतरी हवं म्हणून लिहिते. पॅसेंजर अजून आलेली नाही.

गुरुवारी वॉर्डनबाईंनी मान हलवली नाही. तपकिरी कागदाचं पार्सल पुढे केलं. मी खिडकीशीच फोडलं. माझी पिवळी ओढणी! धुतलेली, चार घड्या घातलेली, फिनाइलचा वास येणारी. आत कार्ड: "मागच्या शिटेवर होती. नंदुरबारला उतरताना मी उचलली. सोमवारी सकाळच्या गाडीने येते."

म्हणजे तुला त्याच दिवशी कळलं होतं. ती ओढणी तूच तर निवडली होतीस दुकानात, तुला ओळखू येणार नाही होय? अंगणात 'कोण होता तो' म्हणून ओरडलीस तेव्हा ती तुझ्या पिशवीत होती. तू बाबाला विचारतच नव्हतीस. तू मला विचारत होतीस, दारात उभ्या असलेल्या मला. मग दोन दिवस थांबलीस. मी म्हणते ना, मला दोन दिवस होते, ते तूच दिले होतेस. आणि मग तीन वर्षं. माझी शीट तू किती दिवस धरून ठेवलीस, ताई.

आणि बाबावरचा राग? तो मला कळला नव्हता, आत्ता इथे बसून कळला. त्याने माझ्यासाठी खोटं बोलून तुझा राग स्वतःवर घेतला, तेच तुला लागलं. ते तू त्याच्याशी बोल. मी मध्ये पडणार नाही. पडले तर गप्प बस म्हण.

बाबाला कार्ड वाचून दाखवलं. काल दिवसभर जीप धूत होता. आज फाट्यावर आला, माझ्या हातातून ओढणी घेतली आणि आपल्या शेजारच्या पुढच्या शिटेवर पसरली. मी मागे बसलेय.

आता इथली गंमत ऐक. गावाकडे परतणारी नऊ माणसं केव्हाची बसलीयत. सामान वर चढलंय, फुलीबाईच्या रिकाम्या टोपलीवर माझा पाय आहे. मघाशी एक जण पुढच्या शिटेवर चढायला लागला. ओढणी बघून थांबला, पण हल्ली बाबा रुमाल उचलून देतो हे सगळ्यांना माहीत, म्हणून त्याने ती बाजूला करायला हात घातला. बाबाने त्याचा हात धरला. बाजारच्या बोलीत म्हणाला, "शीट धरेल शे."

मग मागून कुणीतरी कुरकुरलं, "दानियलभाऊ, काढ ना गाडी. कोनी वाट दखी ऱ्हायना?"

बाबा म्हणाला, "मन्ही पोर येई ऱ्हायनी."

फुलीबाईने टोपली जवळ ओढली आणि सगळ्यांना सुनावलं, की त्या दिवशी गेट उघडलं नाही, आज तरी पोरीला बघूनच जाऊ. तिला तू आवडायचीस. मी कधीच नाही.

भोंगा म्हणतोय, गाडी चाळीस मिनिटं उशिरा. मी बाबाला विचारलं, किती वेळ थांबशील? प्रोग्रामला सांगावं लागतं ना, म्हणून सवयीने विचारलं. त्याने माझ्याकडे असं बघितलं, जसं बोकील सरांकडे आमचा अख्खा वर्ग बघत होता.

परीक्षेचा फॉर्म पुन्हा निघेल. तुझं वय अजून बसतं, मी बघून ठेवलंय. ते आज बोलणार नाही. आज घरी भात आहे, मी केलाय आणि झाकून ठेवलाय. खाली थोडा लागलाय.

लोक उठायला लागलेत. सिग्नल पडला वाटतं. हॉर्न मी ऐकलाय, बाबा, ऐकलाय, एवढा दाबू नकोस. ताई, मी उतरून फलाटावर येते. दोन्ही चपला पायात आहेत.

तुझी,
प्रिसू